तोंडाचा वास

नागपूरच्या त्या गिरणीच्या फाटकावर देवराव जमादार रोज सकाळी एकेकाचं तोंड हुंगायचे. नाक असं तिखट, की रात्रीची दारूही सकाळी सापडायची. गोऱ्या मॅनेजरचा नियमच होता: वास आला तर त्या दिवसापुरतं घरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. सुट्टी मात्र आठ दिवस आधी मागायची; न मागता जो घरी राहिला, त्याची जागा संध्याकाळच्या आत दुसऱ्याला.

त्या दिवशी कवडूनं तोंड उघडलं आणि मोहाच्या दारूचा भपकारा आला. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकणारा माणूस! देवराव दोन पावलं मागं सरले.

"काहून गा कवडू? तू कधीपासून प्यायले लागला?"

"पेलो नाही, जमादार. फाटकाबाहेर नुसती चूळ भरली."

"चूळ? दारूची?"

कवडू भिंतीकडे पाहत होता. डोळे कोरडे, आवाज रोजच्यासारखाच.


"आता घरी धाडा मले. पहाटे पोरगी गेली. तिची माती करून उद्या पहिल्या भोंग्याले येतो."