उजव्या खांद्यावरचा पदर

"ते हितं न्हाय लावायचं," कौसल्याबाई खाटेवरूनच गरजल्या. वय पंचाऐंशी, पण राग अजून तरतरीत होता.

निरवांगीच्या घराला नवा रंग दिला म्हणून त्यांची लेक राजलक्ष्मी बारामतीहून आवराआवर करायला आली होती. ट्रंकेमागं, भिंतीकडं तोंड केलेली एक तसबीर तिच्या हाती लागली. तिचे वडील आप्पासाहेब मुंबईत चित्रकला शिकायला होते, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यांनी छापलेलं चित्र. काळोखी खोली, तो काळोखही बाजरीच्या पिठासारखा रवाळ. अर्धं उघडं दार, दाराच्या डावीकडं कोनाडा, त्याच्याखाली जातं, आणि दारात पाठमोरी उभी एक बाई.

"आप्पांचं एवढंच तर ऱ्हायलंय, आई. कुणाची गं खोली ही?"

"असंल मुंबईच्या कुणाची तरी. पदर बघ की तिचा, उजव्या खांद्यावर. आपल्यात कोण घेतं तसा?"

तेव्हा कौसल्याबाईंच्या लग्नाला वर्ष झालं होतं. आप्पासाहेब सुट्टीत आले आणि मोठ्या हौसेनं चित्र पुढं धरून म्हणाले, "वळखलीस का?"

"मला कशाला तिची वळख?" असं म्हणून कौसल्याबाईंनी ते ट्रंकेमागं सारलं. पुन्हा आप्पासाहेबांनी पत्र्याला हात लावला नाही. गावातल्या पोरांना आंबा आणि घागर काढायला शिकवण्यात जन्म घालवला. संसार झाला, लेकरं झाली. कौसल्याबाईंच्या मनातली अढी मात्र सुटली नाही.

राजलक्ष्मी तसबिरीची काच पुसत पुसत कपाटाच्या आरशासमोर आली.

"थांब. हलू नगं," कौसल्याबाई एकदम म्हणाल्या.

आरशात चित्रातला कोनाडा दाराच्या उजवीकडं गेला होता. त्याच्याखाली जातं. कौसल्याबाईंनी मान वळवून खोलीच्या दाराकडं पाहिलं. तेच दार, आणि नव्या रंगातला तोच कोनाडा. आरशातल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर होता.

"हे असं कसं गं?"

"छापात उलटंच उमटतं, आई. आप्पांनी मला ल्हानपणीच सांगितलं हुतं. तुला न्हाय सांगितलं?"

"मी इचारलंच न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं राजलक्ष्मीनं भीत भीत विचारलं, "मग लावू?"

"लाव. आरशाच्या समोर लाव."

खिळा ठोकून झाला. कौसल्याबाई चित्राकडं पाठ करून आरशापुढं बसल्या. डाव्या खांद्यावरचा पदर त्यांनी सारखा केला.

"वळखली," त्या आरशात बघून म्हणाल्या. "वळखली बगा."