राहिलेले ठिपके

सासूबाईंची दारातली रांगोळी पंधरा ठिपक्यांची. गेला महिनाभर तिच्यात रोज दोन-तीन ठिपके सुटायचे. त्या आत गेल्या की मी ते गुपचूप भरून टाकायचे. वय झालंय, कशाला त्यांचं मन दुखवायचं?

शेवटी त्यांना फारच कमी दिसू लागलं, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी पडल्यानं रक्तात होमोसिस्टीन नावाचं नसांना अपायकारक द्रव्य वाढलंय. तुमचा एक डोळा आधीच अधू, आता चांगल्या डोळ्यातली बारीक नस तुंबलीय, तिथं रक्त नीट फिरत नाही. उपचार करू. पण आजी, महिनाभर आधी का नाही आलात?"

"अंधूक वाटायचं. पण नंतर बघितली की रांगोळी पुरी असायची," त्या म्हणाल्या. "म्हटलं, डोळे ठीक आहेत."

रिक्षात मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्या माझा हात मांडीवर घेऊन बसल्या.

गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्यानं त्यांनी पुन्हा रांगोळी घातली आणि मला हाक मारली.

"किती राहिले?"

"चार, आई."

"त्यांना हात लावू नकोस. उद्या पुन्हा मोज, परवाही मोज." मग पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. "आणि आधी डोळे पूस. मोजताना नीट दिसायला हवं."