संथ युद्धनौका

निवृत्तीनंतर बाबा जेवणाच्या टेबलावर जर्मन युद्धनौकांची डिझाइनं काढत बसायचे. शत्रूच्या मालबोटी गाठून बुडवणाऱ्या, पण महायुद्धात प्रत्यक्ष कधीच न बांधलेल्या नौका. "अशा बांधल्या असत्या ना, तर इतिहासच बदलला असता," म्हणायचे. खोडरबराच्या चुऱ्यावरून आई करवादायची, पण यांना पत्ताच नसायचा. तोफा झकास, चिलखत दणकट. वेग मात्र दरवेळी गोगलगाईचा.

एकदा मी चिडवलंच. "अहो बाबा, ही कसली शिकार करणार? एखादी म्हातारी मालबोटसुद्धा हिच्या हातावर तुरी देईल!"

"देऊ दे की," पेन्सिलीला टोक करत बाबा म्हणाले. "त्या मालबोटीवर माझे बाबा आहेत. या खेपेला तरी घरी येऊ देत."