काचेतलं पहिलं पान

"मॅडम, आमच्या विहिरींचा अभ्यास छापून आला म्हणे. मग विषारी विहीर कोणती निघाली?"

आशाताई गावाहून थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली होती. दोन वर्षं इथल्या संशोधकांना पाण्याच्या बाटल्या तिनंच भरून दिल्या होत्या. ते केव्हाच परदेशी गेले.

ग्रंथपाल मुळगुंदबाईंनी तिला कपाटापाशी नेलं. असे लेख कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून प्रकाशकाला द्यायचा निधी त्यांच्याकडे होता. पण तपासणी समिती येणार म्हटल्यावर त्यातूनच हे काचेचं कपाट आलं, प्राध्यापकांचे लेख मिरवायला. सही बाईंचीच. आणि कपाटातही या लेखाचं पहिलंच पान. प्रकाशक फुकट तेवढंच दाखवतो; पुढचं पैसे भरल्यावर.

आशाताईनं काचेवर बोट टेकवलं. "हे बघा आमच्या गावाचं नाव! आणि विहीर?"

"पुढच्या पानावर."

"मग उलटा की, मॅडम."