रंगाची बाजू

"पोस्टरच्या प्रोजेक्टसाठी कोणाची कामं बघतेस?" कमर्शिअल आर्टच्या सरांनी विचारलं. बाकीच्यांनी परदेशी पुस्तकं दाखवली होती. जया म्हणाली, "घरी चला सर, दाखवते."

गोवंडीच्या झोपडीत सर वर बघतच राहिले. छप्पर म्हणून सिनेमाच्या उतरवलेल्या बोर्डाचं हाताने रंगवलेलं कापड. त्यावर नायिकेचा भलामोठा गाल आणि गालावर चक्क हिरवी सावली! सर सरळ जमिनीवर आडवे झाले. "काय हात आहे यार!"

"दर पावसाळ्यात वेगळं चित्र असतं," जया म्हणाली.

तिची आई ओशाळली. "रंग वर केला की पाणी आत येत नाही, सर. सगळे तसंच घालतात. पण एका वर्षी चुकून रंग आत राहिला, तर ही पाळण्यातून वर बघून हसायची. तेव्हापासून आम्ही रंग आत ठेवतो, नि पावसात बादल्या मांडतो."