जुनं सागवान

घडियाळी पोळच्या गल्लीतलं आमचं जुनं घर विकलं, तेव्हा मी दादाकडे फक्त आईचा झोपाळा मागितला होता. "अख्ख्या पाटाला वाळवी लागली होती गं, होळीत टाकला शेवटी," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की उलट मीच त्याची समजूत काढली.

परवा त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. वहिनी येईल त्याला हॉलमधलं बुटकं टेबल दाखवत होती. "जुनं सागवान आहे, डिझायनरकडून करून घेतलं. आम्ही आता नवीन लाकूड घेतच नाही बाई, झाडं वाचायला हवीत ना."

माझ्या बशीतल्या लिलो चेवडोमधला, म्हणजे बटाट्याच्या ओलसर चिवड्यातला, एक बेदाणा खाली पडला, तो उचलायला मी वाकले. टेबलाच्या खालच्या बाजूला, सातवीत असताना मी कंपासच्या टोकानं कोरलेलं आणि ज्यापायी आईचा धपाटा खाल्ला होता ते नाव होतं: मोहना.

"काय गं, आवडलं का टेबल?" दादानं विचारलं.



"छान आहे. वाळवी गुणाची निघाली हो दादा, माझं नावसुद्धा खाल्लं नाही तिनं."