नव्वद अंश मागे

"मॅडम, कॉइलमध्ये व्होल्टेज पुढे आणि करंट नव्वद अंश मागे, हे पाठ आहे माझं. पण का?" हर्षाली रडकुंडीला आली होती. आयटीआयच्या तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर ती दोनदा अडली होती. उद्या शेवटची संधी होती.

एकादशीमुळे माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तरी मी फळ्यावर पुन्हा दोन लाटा काढल्या. तिचा चेहरा कोराच. मग मला देवघर आठवलं. "अगं, मी रोज सकाळी बाळकृष्णाला झोका देते. दोरीची ओढ म्हणजे व्होल्टेज, पाळण्याचा वेग म्हणजे करंट. दोरी ओढली की..."

मी थांबले. माझा पाळणा तर दोरीबरोबर लगेच येतो. मागे राहतच नाही.

हर्षाली एकदम हसली. "मॅडम, तुमचा देव बोटाएवढा! आमचं नऊ किलोचं धूड पाळण्यात असलं ना, की आधी हात दुखतो, मग पाळणा वेग धरतो. आणि धरला की दोरी सैल सोडली तरी येतच राहतो. कॉइल म्हणजे भरलेला पाळणा, हो ना?"

"हो गं. उद्या अस्संच सांग."

वह्या गोळा करून ती पाळणाघराकडे पळाली. दारातून वळून म्हणाली, "हे पहिल्या दिवशीच सांगायचं ना, मॅडम!"

बावीस वर्षं मी हा कोन शिकवत होते आणि भरलेला पाळणा एकदाही ओढला नव्हता.